तेरा पासांची फेरी

बसच्या कंडक्टरबाईला सासऱ्यांचं भाषण तोंडपाठ होतं. रोज सकाळी तिच्याच बसमध्ये, पुढून दुसऱ्या सीटवर बसून ते सगळ्यांना ऐकवायचे, की सरकारने बसला अनुदान देणं म्हणजे मिसरूड फुटलेल्या पोराला मांडीवर घेऊन भरवणं. बसने आपल्या पायावर उभं राहावं. हे सांगताना ज्येष्ठांचा फुकट पास त्यांच्या वरच्या खिशातून डोकावत असायचा. सून तो पाहायची आणि पुढच्या सीटकडे वळायची. घरात शांतता तिलाही हवी होती.

पण आता पाणी गळ्याशी आलं होतं. टेकडीवरच्या या फेरीचं अनुदान चालू ठेवायचं का, हे बघायला बुधवारी तपासनीस येणार होता. बस रिकामी दिसली तर फेरीच बंद. तिकिटं भरपूर खपली तर अनुदान बंद, आणि त्याशिवाय ही फेरी महिनाभरही तग धरणार नव्हती. ती स्वतः कंत्राटावर होती, तेही याच फेरीपुरती. काहीही झालं तरी गदा तिच्यावरच येणार होती. जेवताना तिने हे सगळं बोलून दाखवलं आणि तिथेच फसली.

"बस मी भरून दाखवतो," सासरे म्हणाले. "कळू दे त्यांना, अनुदानाची गरज नाही ते."

तिने नवऱ्याकडे पाहिलं तर तो भाजीत मीठ कमी आहे का ते तपासत होता.

बुधवारी सासरे बारा म्हाताऱ्यांची फौज घेऊन स्टॉपवर हजर. शेजारचा शिंपीही हौसेने धावत आला होता, पण त्याला त्यांनी पायरीवरूनच पिटाळलं. दुकान उघड म्हणाले. मग तपासनिसाच्या शेजारची जागा पकडून त्यांनी भाषणाला हात घातला. तपासनीस बिचारा वही उघडून मान डोलवत राहिला.

ती जड पावलांनी मशीन घेऊन निघाली. पहिल्या म्हाताऱ्याने पास दाखवला. दुसऱ्यानेही. तिसऱ्याने पिशवी उलटीपालटी केली आणि बाहेर आला तोही पासच, तेव्हा तिला आशेचा किरण दिसला. तिकिटं खपली ती नेहमीच्या चौघांचीच. सासऱ्यांपाशी येईपर्यंत तिला हसू आवरेना.

"बाबा, तत्त्वाचा प्रश्न आहे," ती म्हणाली. "आज तिकीट काढताय ना?"

बारा माना वळल्या. सासऱ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि मुकाट्याने पास पुढे केला. दिलाय तर वापरायला नको का, असं काहीतरी पुटपुटले.

"बस गच्च आणि गल्ला रिकामा," तपासनीस लिहिता लिहिता म्हणाला. "अनुदानाची इतकी सरळ केस मी आजवर पाहिली नाही."

संध्याकाळी सासऱ्यांना चहा देताना ती गालातल्या गालात हसत होती. स्वतःच्याच डावात तोंडावर पडले, असं तिच्या मनात चाललं होतं. मग एकदम तिला सकाळचा शिंपी आठवला.

"बाबा, शिंप्याला का हो पिटाळलंत?"

सासऱ्यांनी पेपरमधून डोकं वर काढलं नाही.

"साठीला त्याला अजून दोन वर्षं आहेत. तिकीट काढावं लागलं असतं."

ती कपबशी हातात धरून उभीच राहिली.

"आणि माझं मत बदललंय असं समजू नकोस," ते म्हणाले. "उद्या सकाळी ऐकशीलच."