माशांच्या कांजिण्या

उर्मिलेने चहाच्या गाळण्यात मासा अलगद धरला आणि श्वास रोखून शेजारच्या पातेल्यात सोडला. पातेल्यात नळाचं गोडं पाणी होतं, आदल्या दिवसापासून उघडं ठेवलेलं. मासा क्षणभर ताठ झाला, मग आडवा होऊन तरंगू लागला.

"मेला!" स्वयंपाकघराच्या दारातून तिच्या सासूबाई, कौसल्याबाई, ओरडल्या. "मारलास बाई, मारलास!"

"मेला नाही, आई. गोड्या पाण्यात त्यांना असंच होतं. ह्यांनी सांगितलंय."

"ह्यांनी तुरुंगात बसून सांगितलंय. मासा इथे मरतोय."

उर्मिला ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटत राहिली. ठरल्या आकड्यावर तिने मासा पुन्हा गाळण्यात घेतला आणि काचेच्या पेटीत, खाऱ्या पाण्यात सोडला. तो तळाच्या वाळूवर बसून राहिला. मग एक कल्ला हलला, शेपूट हललं आणि स्वारी दगडाच्या आड निघून गेली. तेव्हा कुठे उर्मिलेने पदराने कपाळ पुसलं.

ठाकूरद्वारच्या त्या वाडीत समुद्राचे मासे पाळणारं हे एकच घर. लोखंडी चौकटीत काचा बसवून मनमोहनने ती पेटी स्वतः बनवली होती. तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. ओहोटीच्या वेळी कुलाब्याच्या खडकांत गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याने एकेक मासा धरून आणला होता. काळ्या पट्ट्यांचे चार होते, त्यांना तो 'कैदी' म्हणायचा. एक पिवळा, ताटलीसारखा चपटा. शिवाय एक काचेसारखी आरपार दिसणारी कोळंबी. मासळीवाचून घास न उतरणाऱ्या पाठारे प्रभूंच्या घरात मासे, आणि तेही जिवंत, हे बघायला सुरुवातीला सगळी वाडी गॅलरीत लोटली होती.

मग संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पोलिसांनी मनमोहनला पकडलं. बाकीचे घोषणा देत गाडीत चढले. तोही देत होता, पण गाडी सुटता सुटता त्याने जाळीला तोंड लावून बायकोला ओरडून सांगितलं, "अगं, माशांकडे बघ!" नाक्यावरची माणसं खो खो हसली. लग्न होऊन जेमतेम चार महिने झाले होते. भरल्या घरात नवराबायकोचं बोलणं ते किती असणार? त्याने आपणहून तिच्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

आणि तो गेल्यावर आठवड्याभरातच माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले. रव्याचे कण चिकटावेत तसे. पिवळ्याने खाणं सोडलं. कैदी दगडांवर अंग घासू लागले.

"मेले तर ही पेटी भंगारात," कौसल्याबाईंनी बजावून ठेवलं. "मनू यायच्या आधीच. तिच्यापायी गॅलरीत माझ्या लोणच्याच्या बरण्यांना दोन वर्षं ऊन मिळालेलं नाही."

उर्मिला तुरुंगात भेटायला गेली. जाळीपलीकडे ओळीने पुरुष उभे होते आणि अलीकडे बायका डोळे पुसत होत्या. उर्मिलेने डोळे पुसले नाहीत. तिने विचारलं, "ठिपके आलेत. काय करू?"

मनमोहनचा चेहरा उतरला. "ते ठिपके म्हणजे परजीवी गं, बारीक किडेच म्हण. माशाच्या अंगावर पोसतात, मग वाळूत पडतात, तिथे वाढतात आणि परत चढतात. वाळू धू. एकेकाला गोड्या पाण्यात बुचकळून काढ. आणि कपाटात मोरचूद आहे, निळी बाटली. तिला मात्र हात लावू नकोस. औषध तेच खरं, पण कणभर जास्त पडलं तर एकही वाचायचा नाही."

शेजारच्या जाळीतला म्हातारा कैदी म्हणाला, "वहिनी, घरात कोण आजारी आहे?"

तिने वाळू धुतली. मासे बुचकळले. ठिपके गेले आणि चार दिवसांनी दुप्पट होऊन परत आले.

त्या दिवशी कौसल्याबाई पहिल्यांदाच चष्मा लावून पेटीजवळ बसल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.

"अगं, ह्या तर कांजिण्या," त्या म्हणाल्या.

"आई, माशांना..."

"चार पोरांच्या काढल्यात मी. मला शिकवू नकोस. ते बघ कसं अंग खाजवतंय बिचारं."

दुपारपर्यंत दाराला कडुलिंबाची डहाळी लागली. पेटीवरही एक आली. घरात फोडणी बंद, तळण बंद, मासळी बंद. कांजिण्यांच्या घरात चालत नाही म्हणून नाही.

रात्री सासरे नाना पानावर बसले आणि वाटीतल्या पांढऱ्या वरणाकडे पाहत राहिले.

"हे काय?"

"घरात कांजिण्या आहेत."

"कुणाला?"

कौसल्याबाईंनी पळीने गॅलरीकडे दाखवलं.

"म्हणजे मासे आजारी, म्हणून मी मासे खायचे नाहीत?"

"बरे होईपर्यंत."

"पोरगा राज्यासाठी तुरुंगात," नाना भात कालवत म्हणाले, "आणि बाप माशांसाठी."

खरा गोंधळ शेवंतीने घातला. शेवंती कोळीण रोजची. डोक्यावर पाटी आणि हातात खाऱ्या पाण्याचा डबा. तिचा नवरा खोल समुद्रातून हे पाणी आणायचा, मनमोहनने तसं ठरवून दिलं होतं.

"बाय, सरंगा आनलाय. डोल्यांत बघ त्याच्या, कसा ताजा हाय!"

"आज नको, शेवंते. पाणी तेवढं ठेव आणि जा. घरात कांजिण्या आहेत."

"आगो बाय! कुनाला?"

"माशांना."

शेवंतीने पाटी खाली ठेवली, जिन्यावर बैठक मारली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आमी इतकी वर्सां मासली इकतो, कंदी इचारला नाय गो तिला, बाय तुला ताप हाय का!" दुसऱ्या दिवशी मात्र ती डबा घेऊन आली तेव्हा पाटी खालीच ठेवून आली आणि चप्पल जिन्यात काढली.

ते पाणी उर्मिला काचेच्या बरणीत ओतायची. कौसल्याबाईंनी बरणी बाजूला सारली.

"आजाऱ्याचं पाणी काचेत ठेवतात होय? हंडा आण."

तांब्याचा मोठा हंडा गॅलरीत आला. रोज सकाळी अंघोळ झाल्यावर कौसल्याबाई ओलेत्यानेच त्यातलं गडूभर पाणी पेटीत ओतायच्या आणि मग तिथेच रेंगाळायच्या. उर्मिला आतून ऐकायची.

"खाजवू नका रे. वण राहतात. आणि तू पिवळ्या, खातोस का नाही? काल टाकलेलं तसंच आहे. मनू आला म्हणजे माझं नाव सांगाल."

कोळंबी मेली. उर्मिलेने ती गुपचूप कागदात गुंडाळायला घेतली, तोच सासूबाईंनी पाहिलं.

"कोळंबी म्हणजे मासा नव्हे," त्या म्हणाल्या. "ती धरायची नाही." आणि भंगाराचा विषय निघाला नाही.

मग ठिपके विरळ होऊ लागले. आधी कैद्यांचे गेले, मग पिवळ्याचे. एका सकाळी पिवळ्याने कौसल्याबाईंच्या बोटासमोरचा तुकडा झडप घालून पळवला आणि त्यांनी घरभर हाका मारल्या. नाना दाढीचा साबण तसाच ठेवून धावत आले.

"खाल्लं! अहो, खाल्लं त्याने!"

"मग मीही खाऊ का आता?" नानांनी विचारलं.

"मनू येऊ दे."

मनू आला तो गळ्यात हार आणि कपाळभर गुलाल घेऊन. वाडीने ताशा लावला होता. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, नानांनी पाठीवर हात ठेवला आणि तो सुटला तो थेट गॅलरीत. उर्मिला मागोमाग गेली. पेटीसमोर उकिडवा बसून तो एकेक मासा मोजू लागला. कैदी काचेपाशी आले.

"सगळे?" त्याचा विश्वास बसत नव्हता.

"कोळंबी गेली."

तो वळला. "मासे बरे झाले आणि कोळंबी मेली? तू मोरचूद घातलंस?"

"बाटलीला हातसुद्धा लावला नाही."

त्याची नजर कोपऱ्यातल्या हंड्यावर गेली. त्याने झाकण काढलं, आत वाकून पाहिलं. पाण्याच्या कडेने हिरवी रेघ उमटली होती.

"ह्याची कल्हई कधीची गेलीय?"

"कल्हईवाला वाडीत फिरकतोय कुठे. चळवळीत गोळीबार झाला तेव्हापासून आलेलाच नाही."

मनमोहन जमिनीवर फतकल मारून बसला आणि हसू लागला. हारातली फुलं गळून पडेपर्यंत हसला. "अगं, मोरचूद म्हणजे तरी काय? तांबंच. खाऱ्या पाण्यात हंड्याचं तांबं उतरलं. रोज थोडंथोडं, गडूगडूने. किडे मेले, कोळंबीला तेवढंही सोसलं नाही. आणखी थोडं उतरलं असतं, तर... मी तराजू घेऊन बसलो असतो तरी इतकं नेमकं जमलं नसतं!" तो उठला. "आई! अगं आई, ऐक..."

उर्मिलेने त्याची बाही धरली. भर दिवसा, उघड्या गॅलरीत.

"नका सांगू."

"का?"

"आई बोलतात त्यांच्याशी. रोज."

मनमोहनने तिच्या हाताकडे पाहिलं. मग तिच्याकडे. पेटीकडे पाहायचं तो काही वेळ विसरलाच.

"हंडा उद्या कल्हईला नेतो," तो हळूच म्हणाला. "मीच नेतो."

आतून हळदमिठाचा आणि लसणीचा वास येत होता. शेवंतीने आपणहून सरंगा आणून दिला होता. नाना केव्हाचे पाटावर जाऊन बसले होते. तेवढ्यात कौसल्याबाई लगबगीने गॅलरीत आल्या. त्यांच्या हातात जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा होता. तो त्यांनी पेटीवर पसरला, चारही बाजूंनी नीट खाली ओढला, कुठे फट राहिली नाही ना ते वाकून पाहिलं.

"हे काय गं, आई?"

"तवा ठेवलाय. त्यांच्यासमोर कशाला? आणि तो चर्र आवाज..."

"आई," मनमोहन हसत म्हणाला, "त्यांना त्यातलं काही कळत नाही."

कौसल्याबाईंनी लुगड्याची एक चुणी सरळ केली.

"तुला काय माहीत," त्या म्हणाल्या. "तू होतास का इथे?"