गुळगुळीत पट्टीवरची खूण

सासूबाईंनी घर आवरताना सॅक्सोफोनची एक जुनी जॅझ रेकॉर्ड जावयाला देऊन टाकली, आणि त्या दिवसापासून या दातांच्या डॉक्टर जावयाचं दातांवरचं लक्षच उडालं. रेकॉर्ड पहिल्या प्रेसिंगची, म्हणजे अगदी पहिल्या खेपेतली, की मागाहून पुन्हा काढलेली, हे त्यांना काहीही करून ठरवायचं होतं. लेबलमध्ये खोल गोल खाच होती. पत्ताही कंपनीच्या जुन्या कचेरीचा होता. दोन्ही गोष्टी पहिल्या खेपेच्याच. पण संगीत संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत काळी पट्टी उरते, तिथे नंबराशेजारी एक भलतीच खूण कोरलेली होती. एक गोलसर रेघ, वर दोन टोकं, मागे वळण. अशी खूण कुणाच्याच ऐकिवात नव्हती.

डॉक्टर दात बघायचा आरसा घेऊन तासन्‌तास तिच्यावर ओणवे असायचे. एका पेशंटला तोंड उघडायला सांगून ते जे तिकडे वळले, ते बायकोने हाक मारली तेव्हाच भानावर आले. "अहो, त्या बिचाऱ्याच्या घशाला कोरड पडली!"

अखेर रविवारी दवाखान्यातच बैठक भरली. जुन्या रेकॉर्डींचा दुकानदार आला, त्याचे दोन शौकीन मित्र आले. खुर्चीवरच्या झगझगीत दिव्याखाली रेकॉर्ड धरली गेली.

"हूक आहे," पहिला शौकीन म्हणाला.

"नांगर आहे. जहाजाचा."

"काही का असेना," दुकानदाराने आवाज खाली आणला, "ही कारागिराची खूण. विक्रीआधी तपासायला काढतात ना, त्यातली ही प्रत. डॉक्टर, घबाड लागलं तुम्हाला!"

डॉक्टरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात कवळी टोचते म्हणून सासूबाई आल्या. चौघांची डोकी एकत्र बघून त्यांनीही मान आत घातली.

"अगंबाई, माझं मांजर!"

"कुठलं मांजर, आई?"

"हे काय. दोन कान, ही शेपटी. मीच कोरलंय, केसातल्या पिनेने. आमच्या ताईनेही अशीच एक रेकॉर्ड घेतली होती, आणि रोज 'ती माझी, ही तुझी' म्हणून डोकं खायची. म्हटलं, खूणच करून ठेवू."

"मांजराला मिशा नाहीत," नांगरवाल्याने शेवटचा प्रयत्न करून पाहिला.

"पिनेने मिशा काढून दाखवा तुम्ही!"

दुकानदाराने पुन्हा भिंग लावलं. "मांजर सोडलं, तर रेकॉर्ड पहिल्या प्रेसिंगचीच आहे, डॉक्टर. फक्त आता किमतीत हा ओरखडा धरावा लागेल."

सासूबाईंनी एवढंच ऐकलं. "म्हणजे माझी पहिली? आणि ताईची?"

कवळी बाजूलाच राहिली. त्यांनी रेकॉर्ड छातीशी धरली आणि जावयाला गाडी काढायला लावली. निघतानाच केलेल्या फोनवर ताईंनी "माझीच आधीची" असं ठणकावलं होतं.

ताईमावशींनी आपली रेकॉर्ड टेबलावर आपटायचीच बाकी ठेवली. "जावईबापू, बघा. आणि हिचे जावई आहात म्हणून हिची बाजू घेऊ नका."

डॉक्टरांनी पाहिलं. लेबल सपाट, पत्ता नव्या कचेरीचा. मागाहून काढलेली, यात शंकाच नव्हती. दोन्ही बहिणी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसल्या होत्या.

"आईंची आधीची आहे," ते घसा साफ करत म्हणाले. "पण मावशी, तुमच्या रेकॉर्डवर एकही ओरखडा नाही. इतकी जपलेली मी पाहिलेली नाही."

"बघ!" मावशी म्हणाल्या.

"बघ काय? पहिली माझी!"

"आणि खरवडलेलीही तुझीच!"

डॉक्टर हळूच बाहेर येऊन पायरीवर बसले. आतून दोघींचे आवाज चढत होते. मग कुणीतरी रेकॉर्ड लावली, आणि सॅक्सोफोनवरही मात करत मावशी ओरडल्या, "ही कुणाची लावलीस?"