सातवा उपाय

लेखात उपाय सहाच होते. सातवा मी दहा मिनिटांत जोडून दिला, कारण आमचे संपादक मुस्तकीम सर म्हणाले की सहा उपाय कोणी पुढे पाठवत नाही, सात पाठवतात. असल्या गोष्टी ते इतक्या खात्रीने सांगतात की भांडायची सोयच राहत नाही.

मी पायल. एका मराठी वेबसाइटसाठी घरबसल्या लिहिते. नाशिकला जेल रोडच्या फ्लॅटमध्ये मी आणि आई, दोघीच असतो. मनापासून आवडतं ते राजकारण्यांची टिंगल करणं. उद्घाटनाच्या वेळी कात्री हरवते आणि चार आजी-माजी नगरसेवक फीत दातांनी तोडायला पुढे सरसावतात, हा माझा लेख तुमच्याही मोबाइलवर येऊन गेला असेल, खाली माझं नाव नसेल इतकंच. पण वाचकांना टिंगल चवीपुरती लागते, पोटभर लागतो तो सल्ला. झोप कशी लागेल, साहेबांना सुट्टी कशी मागावी, चारचौघांत बोलताना पाय लटपटू नयेत म्हणून काय करावं. हा शेवटचा विषय माझ्या गळ्यात पडला तेव्हा मला हसूच आलं. मी स्वतः दहावीनंतर एकदाही स्टेजवर चढलेले नाही.

तर सातवा उपाय असा होता. बोलायला उभे राहिलात की शेवटच्या रांगेतली, दाराजवळची खुर्ची बघा. तिथे तुमचं हक्काचं माणूस बसलंय असं समजा. त्याला तुमचं भाषण पाठ आहे. तुम्ही अडलात तर ते ओठांनी पुढचा शब्द सांगेल. बाकी कोणाकडे बघू नका.

हे मी कुठे वाचलेलं नव्हतं. ते माझे बाबा होते.

बाबा नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये कामाला होते. माझी वक्तृत्व स्पर्धा असली की दुसऱ्या पाळीला जाता जाता यायचे आणि दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसायचे. मी घरी भाषण घोकायचे तेव्हा ऐकून ऐकून त्यांचंही पाठ व्हायचं. मी बोलायला लागले की त्यांचे ओठ हलायचे, माझ्यापेक्षा एक शब्द पुढे. माझं झालं की निकालाला न थांबता निघायचे. पण कोणी बोलत असताना ते कधी उठले नाहीत. बोलणाऱ्याचा तो अपमान आहे असं त्यांचं मत होतं, मग बोलणारा कितीही रटाळ असो.

दहावीत वर्गातल्या मुलींनी त्यांचे ओठ पाहिले आणि त्या हसल्या. मी घरी येऊन बाबांना सांगितलं, "पुढच्या स्पर्धेला तुम्ही येऊ नका. ओठ हलवता, लोक हसतात." ते म्हणाले, "बरं." एवढंच म्हणाले. विषय होता श्रमाचं मोल. ज्या हातांनी दिवसभर जग चालवलं, त्या हातांना संध्याकाळी हक्काचा, इथपर्यंत मी आले आणि पुढचा शब्द गेला. मी दाराजवळ पाहिलं, खुर्ची रिकामी होती. मी रडत खाली उतरले आणि पुन्हा कधी स्टेजवर गेले नाही.

पुढे बाबा रिटायर झाले, गेल्या वर्षी गेलेसुद्धा. त्या 'येऊ नका'ची माफी मागायची माझ्याकडून राहून गेली. वीस वर्षं एका घरात असूनही राहून गेली, ह्याचा मला अजून स्वतःवर राग येतो.

लेख तुफान फिरला. मुस्तकीम सर आकडे कळवून कळवून थकले. चौथ्या दिवशी तो आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर आला, माझं नाव उडवून, वर हात जोडलेल्या बाईचं चित्र लावून. नवव्या दिवशी समाधान नावाच्या माणसाचा फोन आला. वेबसाइटवरून नंबर मिळवला म्हणाला. द्राक्षांची औषधं विकतो, दिंडोरीला बागायतदारांच्या मेळाव्यात पहिल्यांदा माइक हातात घेतला होता. उपाय एकदम लागू पडला, एक शब्द चुकला नाही, असं सांगून तो जरा घुटमळला.

"पन मॅडम, एक इचारायचं व्हतं. मी त्या खुर्चीवर माझ्या मामाला धरलं व्हतं मनात. बसला व्हता दुसराच."

मी विचारलं, दुसरा म्हणजे कोण. तो म्हणाला, वयस्कर माणूस, आकाशी शर्ट, मांडीवर डब्याची पिशवी. त्याचे ओठ समाधानच्या एक शब्द पुढे चालले होते. "त्याला माझं भाषण कसं काय पाठ? मीच रातच्याला लिव्हलेलं."

लेखात आकाशी शर्ट नव्हता. पिशवीही नव्हती. मी फोन ठेवला आणि ओळखीतलं कोण अशी थट्टा करेल ते आठवत बसले. असं नाव एकही सापडलं नाही.

मग आफिया नावाच्या शिक्षिकेची मेल आली, जुन्या नाशकातून. शिक्षकांच्या प्रशिक्षणात तिने अर्धा तास न अडखळता भाषण केलं होतं आणि तिने खुर्चीवर आपल्या आजीला कल्पिलं होतं. तिलाही तोच माणूस दिसला. तिने अदबीने लिहिलं होतं की ते चाचा फार थकलेले वाटले, डोळे मिटलेले होते, पण ओठ चालू होते. त्यानंतर अशा मेल रोज यायला लागल्या. माणूस तोच, शर्ट तोच. कुठे त्याची मान कलली होती, कुठे एक चप्पल तुटली होती.

एका वॉर्डातल्या सभेचा व्हिडिओही कोणीतरी पाठवला. भाषण करणारा इच्छुक उमेदवार मला चांगला ठाऊक होता, दोनदा मी त्याची टिंगल केली होती. एरवी दोन वाक्यं नीट जुळवता न येणारा तो माणूस घडाघडा बोलत होता आणि त्याची नजर सारखी एकाच ठिकाणी जात होती. कॅमेरा मागे वळला तेव्हा शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची दिसली. ती रिकामी होती. पण शेजारच्या बाईने गुडघे आखडून घेतले होते, बसमध्ये शेजारच्याची पिशवी लागत असली की घेतो तसे. तिचं तिकडे लक्षही नव्हतं. ते मी अकरा वेळा पाहिलं आणि मग मोबाइल पालथा ठेवून दिला.

आमच्या घरात भुताखेतांचं नाव काढायची पद्धत नाही. बाबासाहेबांच्या फोटोखाली असलं बोलायचं नाही, असं बाबांनीच लहानपणी बजावलेलं. त्यामुळे आईला कसं सांगावं मला कळेना. शेवटी एका सकाळी ती मेथी निवडत असताना सगळं सांगून टाकलं. आईने, भिमाबाईने, खरं की खोटं विचारलं नाही. मेथी निवडायची थांबली आणि म्हणाली, "डबा भरलेला होता का, तेवढं विचार."

मी समाधानला फोन केला. तो म्हणाला, भरलेला असणार, पिशवी खाली ओढल्यासारखी होती. मी आईला सांगितलं.

"म्हणजे जेवलेले नाहीत," आई म्हणाली आणि उठून आत गेली.

त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. हिशोब अगदी सरळ होता. कोणी बोलत असताना बाबा उठणार नाहीत, आणि आता रोज कुठे ना कुठे कोणीतरी बोलतच होतं. त्यांना तिथे बसवलं मी होतं. त्यात लेखाला पाय फुटलेले. पुढे पाठवता पाठवता कोणा शहाण्याने सातव्या उपायात भर घातली की लक्ष विचलित होऊ नये म्हणून दाराला आतून कडी घाला. लगेच मेल आली. खुर्चीवरचे ते गृहस्थ मधेच अर्धवट उठले, कडीकडे बघितलं आणि परत बसले.

मी दुरुस्तीचा लेख लिहिला. सातवा उपाय करू नका, तो खोटा आहे, मी मनचा लिहिला होता. मुस्तकीम सरांच्या हातापाया पडून तो छापून घेतला. एक्केचाळीस लोकांनी वाचला आणि एकानेही पुढे पाठवला नाही. मूळ लेख मात्र गल्लोगल्ली हिंडत होता, आणि त्यावर माझं नावच नव्हतं तर मागे तरी कशी घेणार. लोकांचा मला इतका संताप आला की दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही.

आणि लपवून काय उपयोग, मला हेवाही वाटत होता. साऱ्या जिल्ह्याला माझे बाबा दिसत होते. मी एका दुपारी हॉलच्या दाराजवळ प्लास्टिकची खुर्ची मांडली, समोर उभी राहिले आणि तेच सहा उपाय तोंडाने म्हटले. कोणी आलं नाही. मीच येऊ नका म्हटलं होतं.

मग मोहिनीताईंचा निरोप आला. त्या नाशिक रोडचं एक छोटं वाचनालय चालवतात आणि आमच्या भागात तो लेख माझा आहे हे शोधून काढणाऱ्या त्या एकट्याच. रविवारी चार वाजता सभाधीटपणावर कार्यशाळा, मी तासभर बोलावं. जागा होती माझ्याच शाळेचा हॉल. मी हो म्हटलं. लोकांना शहाणं करायला नाही, बाबांना सोडवायला, आणि सोडवायच्या आधी एकदा बघायला.

साठ-सत्तर माणसं होती. शेवटच्या रांगेतली दाराजवळची खुर्ची मुद्दाम मोकळी सोडलेली होती. मी माइकजवळ गेले तशी मोहिनीताईंनी कौतुकाने दाराची कडी घातली. मी सहा उपाय सांगितले. हात कुठे ठेवायचे, पाणी कधी प्यायचं, श्वास कसा घ्यायचा. ब्लाऊज पाठीला चिकटला होता आणि खुर्ची रिकामीच होती. सहा उपाय संपले. लोक सातव्याची वाट बघत होते, काहीजण तर मान वळवून खुर्चीकडे बघायला लागले होते. माझ्याकडे बोलायला काही उरलं नव्हतं.

तेव्हा मी दहावीचं भाषण सुरू केलं. श्रमाचं मोल. आदरणीय परीक्षक, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो. लोक हसले, त्यांना तो नमुना वाटला. दुसऱ्या वाक्याला खुर्चीवर बाबा होते.

आकाशी शर्टाची कॉलर विरली होती. गालांची हाडं वर आली होती. एका पायात चप्पल नव्हती, तो पाय त्यांनी दुसऱ्यामागे लपवला होता. डोळे मिटलेले होते आणि ओठ माझ्या एक शब्द पुढे चालले होते, आणि हॉलमध्ये इतकी माणसं असून मला त्या ओठांचा आवाज येत होता, सुक्या पानांवरून कोणी चालावं तसा. मला भीती वाटली. बाबांची भीती वाटली, हे लिहितानाही लाज वाटते. पण त्यांच्यावरून नजर काढवेना. मी बोलत राहीन तोवर ते राहतील, हे मला कळत होतं. मी वाक्यं लांबवायला लागले.

त्यांचा हात पिशवीच्या बंदावर गेला. ते अर्धवट उठले, कडीकडे बघितलं, मी बोलतेय म्हणून परत बसले. मग माझी मलाच शिसारी आली.

ज्या हातांनी दिवसभर जग चालवलं, त्या हातांना संध्याकाळी हक्काचा, एवढं म्हटलं आणि वीस वर्षांपूर्वीसारखीच मी अडकले. खरंच अडकले. बाबांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि ओठांनी शब्द पुढे केला.

"विसावा," मी म्हटलं. "विसावा मिळाला पाहिजे. बाबा, माझं चुकलं होतं. माझं भाषण संपलं, आता निघा तुम्ही. कोणीतरी दार उघडा."

कोणी हलेना. मोहिनीताई मला बरं वाटत नाही समजून पाणी घेऊन धावल्या. मीच स्टेजवरून उतरले, मधल्या वाटेने गेले आणि कडी काढली. कडी बर्फासारखी गार होती. दार धरून मी उभी राहिले, बाहेर शाळेच्या मैदानावर उतरतं ऊन होतं. माझ्या गुडघ्याला पिशवी घासून गेली. डबा जड होता. मागे वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी होती आणि शेजारच्या बाईने आखडलेले पाय मोकळे केले होते.

लेख अजून फिरतोय. परवा पुन्हा सोसायटीच्या ग्रुपवर आला. समाधानचा फोन आला, जरा नाराज होता. मेळाव्यात खुर्चीकडे बघून बोलायला गेला आणि मधेच सगळं विसरला, खुर्चीवर कोणीच नव्हतं म्हणे. वेबसाइटवर लेखाखाली एका गृहस्थांची प्रतिक्रिया आहे, सहा उपाय बरे आहेत, सातवा निव्वळ फेकाफेक, करून पाहिला, काहीही होत नाही. तिला दोनशे लोकांनी अंगठा दिलाय.

ती प्रतिक्रिया मी आईला वाचून दाखवली. आई पोळ्या लाटत होती. तिने परत एकदा वाचायला लावली, सावकाश.

"म्हणजे घरी पोचले," ती म्हणाली, आणि लाटणं तसंच हातात धरून कितीतरी वेळ उभी राहिली.