होळकरवाडीच्या बावीस पेट्या

शालनने सातव्या पेटीचं झाकण उचललं आणि धुराडं खाली ठेवून दिलं. धूर द्यायची गरज नव्हती. आतून कुणी उठून अंगावर येणार नव्हतं. चौकटी मधाने जड होत्या, पण त्यांच्यावर कसलीच हालचाल नव्हती. तळाच्या फळीवर मेलेल्या माश्यांचा थर साचला होता, पेटीसमोरच्या मातीवर त्याहून मोठा. तिने एक माशी तळहातावर घेऊन उन्हात धरली. सोंड बाहेर आलेली होती. भुकेने मेलेली माशी अशी दिसत नाही.

"फवारणी," ती म्हणाली.

भीमराव, तिचे पती, दोन पेट्या सोडून उभे होते. जाळीची टोपी त्यांनी डोक्यावर घातलीच नव्हती, नुसती हातात धरली होती.

समोर हिंदुरावांचा बियाण्याचा कांदा फुलला होता. दीड एकरभर पांढरे गोंडे. या फुलोऱ्यासाठीच दर माघात पेट्या इथे, होळकरवाडीत, बांधावर येऊन बसायच्या. माश्या फिरल्या की हिंदुरावांचं बी चांगलं भरायचं, शालनला मध मिळायचा. बारा वर्षांत एकच अट होती. फवारणी करायची झाली तर हिंदुरावांनी आदल्या दिवशी फोन करायचा. मग संध्याकाळी माश्या घरी परतल्या की पेट्यांची दारं जाळीने बंद करायची, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि दोन दिवसांनी उघडायचं. शालनचे हात कायम मधात नाहीतर मेणात, म्हणून धंद्याचा फोन भीमरावांच्या खिशात असायचा.

"हिंदुरावांचा फोन आला होता?"

"नाही," भीमराव म्हणाले.

तिने उरलेल्या पेट्या उघडल्या. बावीसपैकी एकोणीस गेल्या होत्या. तीन पेट्यांत राणीभोवती मूठमूठ माश्या शिल्लक होत्या, त्याही पाय ओढत चालणाऱ्या. शेवटचं झाकण तिने अगदी हळू ठेवलं, जणू खाली कुणी झोपलं होतं, आणि बांधावरून सरळ विहिरीकडे निघाली.

हिंदुराव पाइपाचं पाणी बदलत होते. तिला येताना पाहून उभे राहिले. त्यांची नजर तिच्या खांद्यावरून मागे, भीमरावांकडे गेली. तिथे ती थोडी थांबली आणि खाली वळली.

"फवारलंत?"

"फुलकिडे लई झालं हुतं, वहिनी. काल सकाळी फवारलं."

"फोन का नाही केला?"

हिंदुरावांनी टोपी काढून झटकली, पुन्हा घातली.

"चूक झाली. इसरलो."

"विसरलात?" शालनचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "जेवायला विसरता का हो कधी? बारा वर्षं चौदा एप्रिलला माझ्या घरी पंगतीत बसता. ते नाही कधी विसरलात."

भीमरावांनी मागून "शालन" अशी हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही.

*

हा धंदा तिने उभा केला होता. चिंचवडच्या ज्या कंपनीत भीमराव लेथवर एकवीस वर्षं उभे होते, तिने दोन हजार एक साली कामगारांना स्वेच्छानिवृत्ती दिली. स्वेच्छा कुणाचीच नव्हती. भीमराव वर्षभर बिबवेवाडीच्या घरात खुर्ची खिडकीकडे करून बसले. शालनने मधमाशीपालनाचा महिन्याचा वर्ग केला, दोन पेट्या घेतल्या आणि गच्चीवर ठेवल्या. पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या माणसाने भांडण काढलं. तेव्हा ती शेतांच्या शोधात स्कूटरवरून उंड्री, पिसोळी, होळकरवाडी अशी फिरली. जागा देणारा पहिला माणूस म्हणजे हिंदुराव. भावकीतले लोक कुरकुरले, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः बांध सपाट करून दिला होता.

म्हणूनच तिला जास्त लागलं होतं. परक्याने मारलं असतं तर तिने एकदा बोंब मारली असती आणि सोडून दिलं असतं.

खराडीच्या एका मोठ्या सोसायटीत दर रविवारी सकाळी शेतकरी बाजार भरायचा. क्लबहाऊससमोरच्या फरशीवर वीसेक टेबलं. कॉम्प्युटरवाली मंडळी आठवड्यातून एकदा भाजी हातात घेऊन बघायची, तिचे फोटो काढायची आणि कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करायची. शालनचं टेबल पाण्याच्या टाकीला लागून होतं, हिंदुरावांचं त्याच्या बरोबर समोर. ही जागा हिंदुरावांना तिनेच मिळवून दिली होती.

माश्या मेल्या त्यानंतरच्या रविवारी तिने मधाच्या बाटल्यांच्या जागी एक पाटी उभी केली. तिच्यावर खडूने लिहिलं होतं, "मध नाही. समोरच्या शेतकऱ्याने विष मारून एकोणीस वसाहती संपवल्या." चौकटींतला मध विषाच्या भीतीने विकण्यासारखा राहिला नव्हता; बाजूला नुसत्या मेणाच्या वड्या होत्या.

"काकू, हनी कधी येणार? रॉवालं?" ट्रॅक पँट घातलेल्या एका मुलीने विचारलं.

"समोर विचारा. त्यांना माहीत असेल."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांनी माश्या मारल्या. त्यांच्याकडची मेथी घ्या, फार ताजी आहे. किडासुद्धा लागत नाही तिला."

मुलगी समोर गेली आणि हातात घेतलेली मेथीची जुडी परत ठेवून आली. शालनला त्या दिवशी बरं वाटलं. पुढच्या रविवारी तिने पाटी थोडी पुढे सरकवली. लोकांचा घोळका हिंदुरावांच्या टेबलाला वळसा घालून जाऊ लागला. सोजरबाई, हिंदुरावांची बायको, पालकावर पाणी शिंपडत बसायची. तिने एकदाही मान वर केली नाही. हिंदुराव मात्र येताना आणि जाताना "येतो, वहिनी" म्हणायचे. त्याने शालनचा संताप आणखी वाढायचा.

भीमराव या दिवसांत फार कामाचे झाले होते. न सांगता टेम्पो धुवायचे, मेण गाळायचे, तिच्या आधी उठून चहा ठेवायचे.

"पाटी आता पुरे," ते एकदा म्हणाले. "माणूस वाईट नाही तो."

"मी कुठे वाईट म्हटलं? विसराळू म्हणतेय."

त्यांनी कप उचलून मोरीत नेऊन ठेवले.

*

तिसऱ्या रविवारी बाजाराचं काम बघणारा अनिरुद्ध कागद घेऊन आला. तो याच सोसायटीत राहायचा, कुठल्याशा कंपनीत मॅनेजर होता आणि रविवारीसुद्धा गळ्यात ओळखपत्राची दोरी घालून हिंडायचा.

"मावशी, कमिटीत डिसिजन झालंय. मेंबर्सच्या खूप कंप्लेंट्स आहेत. पुढच्या रविवारपासून त्यांचं टेबल बंद. फक्त तुमच्याकडून लेखी हवंय, म्हणजे रेकॉर्डला राहील. मी टाइप करून आणलंय. खाली सही करा."

शालनने कागद वाचला. पूर्वसूचना न देता विषारी औषधाची फवारणी, वगैरे. मराठी वाईट होतं, पण अर्थ बरोबर होता. तिने पेन घेतलं.

समोरून सोजरबाई उठून आली. हात पदराला पुसत टेबलापुढे उभी राहिली.

"सही करताय, ताई?"

"करतेय."

"करा. पर मग मला एक सांगा. आमच्या ह्यांनी फोन केला हुता का न्हवता?"

"नव्हता केला. विसरलो, असं तेच म्हणालेत. माझ्यासमोर."

"म्हणालेत खरं. बेस्तरवारी सांजच्याला माझ्याम्होरं फोन केला त्यांनी. 'उद्या सकाळी पंप घेतोय, पेट्या झाकून घ्या,' म्हणाले. फोन भीमरावदादांनीच उचलला. मागं बसचा आवाज येत हुता. 'बरं, शालनला सांगतो,' म्हणाले दादा. कान हायेत मला."

"सोजर, गप बस," हिंदुराव तिथूनच म्हणाले.

"तीन आठवडं गपच हाय. आता टेबल चाललंय."

शालन भीमरावांकडे वळली. ते मेणाच्या वड्या एकावर एक रचत होते. ते लगेच थांबले नाहीत. आणखी एक वडी ठेवली, ती सरळ केली, आणि मग हात खाली घेतले.

"आला होता फोन," ते म्हणाले.

अनिरुद्धने त्यांच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"त्या दिवशी चिंचवडला गेलो होतो. आमची शेड पाडत होते. आयटी पार्क होणार आहे तिथे. जुने आठ-दहा जण जमलो होतो. गेटच्या आत कुणी घेतलं नाही, बाहेरूनच बघितलं." ते थांबले. "परत येताना बसमध्ये फोन आला. घरी येईपर्यंत डोक्यातून गेला. सकाळी दहाला आठवलं, तेव्हा हिंदुरावांना फोन लावला. तोवर फवारून झालं होतं."

शालनला ती संध्याकाळ आठवली. ते न जेवता आडवे झाले होते. तिने विचारलं होतं, तर पित्त झालंय म्हणाले होते. एरवी या आठवणीने ती नरमली असती. आत्ता नाही.

"विसरलात ते ठीक," ती म्हणाली. "बांधावर मी तुम्हाला सरळ विचारलं होतं. फोन आला होता का. तुम्ही नाही म्हणालात."

भीमरावांनी रचलेली वरची वडी पुन्हा खाली काढून ठेवली.

हिंदुराव टेबल सोडून मधोमध येऊन उभे होते. शालन त्यांच्याकडे वळली.

"आणि तुम्ही? तुम्हाला कुणी सांगितलं होतं अंगावर घ्यायला?"

"कुणी न्हाई, वहिनी. विहिरीपाशी भीमरावांचं तोंड बघितलं. म्हटलं, आपल्यावर घेतलं तर काय जातंय. चार दिवस वहिनी बोलतील, मग इसरतील. तुमच्या घरात उगं कशाला..."

"माझ्या घराची काळजी वाटली तुम्हाला."

"व्हय."

"मी तीन रविवार या लोकांसमोर खोटं बोलत होते. तुमच्या तोंडावर, तुमच्या बायकोच्या तोंडावर. आणि तुम्ही येताना-जाताना 'येतो वहिनी' म्हणत होतात." हातातलं पेन तिने टेबलावर ठेवून दिलं. "माश्या माझ्या होत्या, हिंदुरावभाऊ. त्या कशाने मेल्या हे तुम्हा दोघांना माहीत होतं आणि मला नाही. हा उपकार समजू का मी?"

हिंदुरावांनी टोपी काढून हातात धरली. सोजरबाई मात्र तिच्याकडे एकटक बघत होती, पहिल्यांदाच.

शालनने कागद अनिरुद्धच्या हातात परत दिला.

"यात लिहिलंय ते खोटं आहे."

"पण मावशी, कमिटीत ऑलरेडी..."

"कमिटीला सांगा, बाई खोटं बोलत होती. कुणी सांगितलं विचारलं तर म्हणावं, तिनेच."

मग ती सोजरबाईपुढे उभी राहिली. काय बोलायचं ते तिला जुळवता येईना. माफी मागायची सवय नव्हती, आणि राग अजून छातीत तसाच होता.

"तुमचे तीन रविवार बुडवले मी," ती शेवटी म्हणाली.

"बुडवलं खरं," सोजरबाई म्हणाली आणि आपल्या टेबलाकडे गेली.

शालनने ओल्या फडक्याने पाटी पुसली. पुसलेली पाटी तिने टेबलाखाली टाकली नाही, तिथेच कोरी उभी ठेवली. स्टूल ओढून ती टाकीच्या सावलीत बाजूला बसली.

"आता मी काही बोलणार नाही," ती भीमरावांना म्हणाली. "मध का नाही असं लोक विचारतील. तुम्ही सांगायचं."

"सगळ्यांना?"

"मी सगळ्यांना सांगितलं होतं."

पहिली एक म्हातारी बाई आली. भीमरावांनी तिला काहीतरी सांगितलं, पण इतक्या खालच्या आवाजात की तिला दोनदा विचारावं लागलं. दुसऱ्या माणसाला त्यांनी "फवारणीत गेल्या" एवढंच सांगितलं. मग शालनकडे पाहिलं, त्याला परत बोलावलं आणि समोरच्यांची चूक नव्हती, असं म्हणाले. तो माणूस खांदे उडवून निघून गेला. ऊन टाकीवरून खाली उतरलं. शालन मेणाच्या वड्या कागदात गुंडाळत बसली होती.

अकराच्या सुमाराला चष्मा लावलेला एक तरुण आला. दर महिन्याला दोन बाटल्या न्यायचा. त्याने कोऱ्या पाटीकडे पाहिलं, समोरच्या टेबलाकडे पाहिलं.

"काका, ते काय झालं मग? त्यांनीच ना...?"

"नाही," भीमराव म्हणाले. आता त्यांचा आवाज नीट ऐकू येत होता. "त्यांनी आदल्या दिवशी फोन केला होता. तो मी घेतला. पेट्या झाकायचा निरोप मी घरी दिला नाही. माझ्यामुळे मेल्या माश्या."

तरुण अवघडला. त्याने भीमरावांच्या दंडाला हात लावला.

"अहो काका, असं होतं. चुकून झालं ना. सोडून द्या."

भीमरावांनी शालनकडे पाहिलं नाही. पुढचं गिऱ्हाईक मागे उभं होतं, सोजरबाई समोरून ऐकत होती. त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकला.

"ते चुकून झालं," ते म्हणाले. "त्याच्या पुढचं चुकून नव्हतं. तेही ऐकून जा."

शालनने मान वर केली नाही. पण वडीवर दुमडत आणलेला कागद तिच्या बोटांत तसाच अर्धा राहिला.