धुळीची शिंक

रविवारी दुपारी मला शिंक आली आणि घरातली सगळी कामं थांबली.

सून हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "कशाची, बाबा?"

"धुळीची असेल." मी मांडीवरचं जुनं पुस्तक दाखवलं.

"असेल म्हणजे?"

तेच तर मला सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ठकीची शस्त्रक्रिया होती. ठकी माझी नात, अडीच वर्षांची. डाउन सिंड्रोम आणि हृदयातलं भोक, दोन्ही जन्मापासूनचं. भोक बुजवायची तारीख याआधी दोनदा सर्दीनं हुकली होती. फुप्फुसांवरचा दाब वाढत चाललाय, आता फार लांबवता येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तेव्हापासून सुनेनं घरात कडक पहारा बसवला होता. मुलाचं शिवणकामाचं दुकान खालीच. वर येताना तो शर्ट बदलून, कोपरापर्यंत हात धुऊन येई. "नवरा आहे की संशयित," असं पुटपुटेही. त्यात ठकीचं नाक बारमाही वाहणारं. ते नेहमीचं की नवं, या काळजीनं सून उठता बसता तिच्या छातीला कान लावी.

"मी दुकानात झोपतो आज," मी म्हणालो.

"आणि ती रडली म्हणजे?"

ठकी रडली की तिचे ओठ निळे पडतात. आणि झोपायला तिला माझीच छाती लागते.

"खरं सांगा, घसा खवखवतोय का?"

मी आवंढा गिळून पाहिला. खवखवल्यासारखं वाटलं. पण मला काय, विचारलं की सगळंच वाटतं. "नक्की नाही सांगता येत."

"तुमचं कधी नक्की असतं," ती म्हणाली आणि लगेच वरमली. "जा तुम्ही खाली. नाही, थांबा. नको, जाच."

मी गेलो.

मुलगा एका कोटाला अस्तर लावत होता. "हद्दपार?"

"स्वतःहून."

"मग टाचण्या वेचा."

चार टाचण्या वेचल्या नसतील तोच वरून हाक आली, "आबूऽ." आजोबा हा शब्द तिला जमत नाही. मग रडणं. मुलाचे पाय मशीनवर थांबले. "होईल गप्प," तो म्हणाला, पण मशीन काही सुरू केलं नाही. मी जिना अर्धा चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. दार बंद होतं.

"बाबा, आत येऊ नका," आतून सून म्हणाली. "पण जाऊही नका. ओठ बघवत नाहीत हिचे."

मी दाराला पाठ लावून पायरीवर बसलो. जन्मभर पुस्तकं वाचली, पण ऐन वेळी एक वाक्य सुचेना. "ठकी, आबू इथंय," एवढंच म्हणत राहिलो. रडणं अडखळलं. दारावर आतून, अगदी खालच्या बाजूला, तळहाताची थाप पडली. मी बाहेरून थाप दिली. तिनं पुन्हा दिली.

"बोलत राहा," सून म्हणाली. "दाराला टेकून बसलीय."

मग मी काहीबाही बोललो. टाचण्यांबद्दल, एका बाहीच्या कोटाबद्दल, तिच्या बापाच्या टकलाबद्दल. बोलता बोलता आवाज बसत गेला, डोकं जड झालं, आणि लागोपाठ तीन शिंका आल्या. तिथं धूळ नव्हती.

"झोपली," सून हळूच म्हणाली. "बाबा, तुमचा आवाज कसला येतोय?"

"सर्दी आहे. नक्की."

"बरं झालं," ती म्हणाली. "म्हणजे, बरं झालं बाहेर थांबलात."

मला मात्र आदल्या दिवशीची दुपार आठवत होती. तेव्हा ठकी माझ्या छातीवर झोपली होती, माझ्या हनुवटीत नाक खुपसून.

सकाळी ते तिला घेऊन निघाले, तेव्हा मी टांगलेल्या कोटांच्या आड उभा राहिलो. ती दिसली तेवढी पाहिली. नंतर खुर्ची हलवली, कोट सारखे केले, परत विस्कटले. पुस्तक उघडलं, एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आता छाती तपासत असतील. आता परत पाठवत असतील.

फोन वाजला. सून होती.

"बाबा, डॉक्टरीणबाई छाती स्वच्छ आहे म्हणाल्या. आत्ताच आत नेली. रडली नाही. भूल देणाऱ्या डॉक्टरांचा चष्माच धरून बसली होती."

"किती वेळ लागेल?"

"सांगता येत नाही म्हणतात. तुम्ही बसलात ना जरा?"

"बसलोय," मी म्हणालो, आणि मशीनभोवती आणखी एक फेरी घातली.