आठ मायक्रॉन

डिझेलमध्ये पोलादी गोळी सव्वा तास घासायची आणि तिच्यावर पडलेला झिजेचा डाग मोजायचा, हे तिचं प्रयोगशाळेतलं काम. मर्यादा चारशे साठ मायक्रॉनची. दादा काम करायचा त्या इंधन डेपोचा नमुना चारशे अडुसष्ट भरला.

दर रविवारी तिला फोन करणारा दादा एकटाच. आज मात्र मंगळवारीच फोन आला.

"चिमे, आठ मायक्रॉन कुणाच्या डोळ्यात खुपणार गं? माझी नोकरी जाईल."

"डिझेलात वंगण कमी पडलं की लोकांच्या इंजिनांतले पंप झिजतात, दादा. पुन्हा तपासते, पण येईल तोच आकडा लिहीन."

चारशे एकाहत्तर आला. तिने 'नापास' लिहून सही केली.

रविवारी तिने वाट पाहून शेवटी स्वतःच फोन लावला.

"ते बाहेर गेलेत," वहिनी म्हणाली. मागे दादा खोकत होता.