पांढऱ्या पोटाचे दगड

गाडीतून उतरल्याबरोबर ट्वायला हॅस्केटने पहिलं काम केलं ते लाथ मारायचं. दरीच्या काठावर, गाड्या लावायच्या जागेपाशी, कुणीतरी सात-आठ दगडांची लगोरी रचून ठेवली होती. चार फोटो काढून परत जाणाऱ्या मंडळींना असले उद्योग फार सुचतात. ट्वायलाच्या बुटाने ती एका दणक्यात उधळली आणि वरचा चपटा दगड घरंगळत झुडपात गेला.

"अगं, आज तरी त्या पायाला सुट्टी दे," वेल्डन म्हणाला. वेल्डन तिचा दीर. गुडघा अधू झालेला, पण जिभेला कसलीही इजा नसलेला माणूस.

"तुझ्या भावानेच लावलेली खोड आहे. त्याला सांग."

"भेटू दे, सांगतो की."

त्याच भावाला शोधायला ते आले होते. ऑरिन एकटाच दरीत उतरला होता आणि परवा संध्याकाळी वर यायला हवा होता. इथल्या जुन्या भटक्यांची एक रीत आहे. ठरलेला दिवस उलटला तरी माणसाला एक दिवस जास्तीचा द्यायचा, लगेच बोंबाबोंब करायची नाही. पाय मुरगळतो, पाणी शोधताना वेळ जातो, आणि हेलिकॉप्टर बोलावलं की माणसाला जन्मभर चिडवतात. ट्वायलाने तो दिवस स्वयंपाकघरात येरझारा घालून काढला. आज पहाटे पार्कवाल्यांचं हेलिकॉप्टर दरीवरून दोनदा फिरून गेलं आणि त्याला काही दिसलं नाही. वरून काय दिसणार! ऑरिनची वाट कड्यांच्या पोटातून जाणारी, कुठल्याही नकाशात नसलेली. ती नीट ठाऊक असलेली माणसं तीनच, आणि त्यातली दोन आता काठावर उभी होती.

मे महिन्याचा शेवट होता. ऑरिनने वरून नेलेलं पाणी कालच संपलेलं असणार, हे दोघांनाही कळत होतं. आज सापडला तर सापडला.

"तो झऱ्यापाशी बसला असेल," वेल्डन म्हणाला. "पाय सुजला असेल, म्हणून बसला असेल. आणि आपण गेलो की म्हणेल, कशाला आलात, कॉफी आणली का."

"आणली आहे."

"मग झालं तर."

सकाळ चढायच्या आत ते लाल कड्याच्या फटीपाशी पोचले. इथे दोर लावून उतरावं लागतं. वेल्डनचा गुडघा इथवर कसाबसा आला होता. त्याने वर थांबून वायरलेस सांभाळायचा आणि ट्वायलाने झऱ्यापर्यंत जाऊन यायचं असं ठरलं.

"शिटी मारलीस की मी येतो. घसरत, रांगत, कसाही येतो," तो म्हणाला. "आणि खाली लगोऱ्या दिसल्या तर भांडत बसू नकोस. आधी माझा भाऊ शोध."

"खाली कोण मरायला येतंय लगोऱ्या रचायला?"

"गेल्या वर्षी खाली लगोऱ्या रचताना ती दोन पोरं भेटली नव्हती का? कुणीतरी इंटरनेटवर टाकली म्हणे आपली वाट."

ती पोरं आठवून ट्वायलाचं डोकं फिरलं. ऑरिनचं तर तेव्हा फिरलंच होतं. लगोऱ्यांवर त्याचा राग उगाच नव्हता. फार वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याला त्याने कड्याच्या तळाशी पाहिलं होतं. कुणीतरी गंमत म्हणून रचलेल्या दगडांच्या मागे तो बिचारा सरळ टोकापर्यंत चालत गेला होता. तेव्हापासून ऑरिन म्हणायचा की वाट डोक्यात ठेवायची, दगडांवर सोपवायची नाही. लगोरी दिसली की तो लाथ मारायचा. लग्नानंतर तीही मारायला लागली आणि वेल्डनही. ऑरिन मरेल पण दगडावर दगड ठेवणार नाही, असं त्यांच्याकडे हसत म्हटलं जायचं.

फटीच्या खाली दरी एकदम मोठी होते. ट्वायला तीस वर्षं इथे येत होती तरी दर वेळी इथे ती नकळत भिंतीच्या बाजूने चालायची. ऊन अजून तिरपं होतं. समोरची भिंत इतकी लांब की तिच्यावरच्या सावल्या हलताना दिसत नसत, नुसत्या वेगळ्याच जागी सापडत. वारा नव्हता. ती चालत राहिली, डोळ्यांत तेल घालून बघत राहिली, मधूनमधून हाक मारत राहिली.

"ऑरिन!"

भिंती तिचाच आवाज परत देत होत्या, आधी डावीकडून, मग उजवीकडून.

सुट्या दगडांच्या मोठ्या घसाऱ्याच्या पुढे वाट डावीकडे वळून झऱ्याकडे उतरते. उजवीकडे कड्यांआड बंद घळी आहेत, त्यांच्यातून कुठेही जाता येत नाही. आणि बरोबर त्या वळणावर, उजव्या अंगाला, लगोरी होती.

तीनच दगड होते, गुडघ्याइतकेही उंच नव्हते. वाळवंटातले दगड वर्षानुवर्षं एका अंगावर पडून वरून काळे पडतात, खालून मात्र फिके राहतात. या तिन्ही दगडांची पांढरी पोटं वर होती. म्हणजे कालपरवाचंच काम. ट्वायलाच्या डोक्यात तिडीक गेली. आता इथपर्यंत येऊन पोचले! आणि तेही आंधळ्या घळीकडे बोट दाखवत. दोन दिवसांची भीती, झोप नसलेले डोळे, स्वयंपाकघरात येरझारा घालत काढलेला तो जास्तीचा दिवस, सगळा राग तिच्या पायात उतरला. दगड तीन दिशांना गेले. दहा-बारा पावलांवर दुसरी लगोरी होती, तीही गेली. तिसरी एका घळीच्या तोंडाशी, दोनच दगडांची. तिथवर वाट सोडून जायचं कारण नव्हतं, तरी ती गेली आणि तीही उधळली.

तेवढ्यात तिला आवाज ऐकू आला.

टक. टक. टक.

दगडावर दगड आपटल्याचा. ती श्वास रोखून उभी राहिली. "ऑरिन?" भिंतींनी नाव इकडून तिकडे फेकलं. ते विरलं तेव्हा पुन्हा टक, टक, टक, आणि या वेळी तिला वाटलं, खालून. झऱ्याकडून. तिच्या जिवात जीव आला. तो आहे! झऱ्यावर आहे, दगड वाजवतोय! रानमेंढ्यासुद्धा पाण्यावर येताना असाच आवाज करतात, हे तिला माहीत होतं, पण तिने तो विचार बाजूला सारला आणि ती डावीकडे जवळजवळ पळत सुटली.

झऱ्यावर कुणी नव्हतं.

ओल्या चिखलावर मेंढ्यांच्या खुरांच्या खुणासुद्धा नव्हत्या, मग बुटाचा ठसा कुठला. झऱ्याच्या बाजूच्या कपारीत ऑरिनने मार्चमध्ये लपवून ठेवलेला पाण्याचा कॅन तसाच होता, झाकणाचं सीलही न तुटलेला. ट्वायला त्याच्याकडे बघत उभी राहिली. तो इथे पोचलाच नव्हता. म्हणजे तो वाटेत, वरच कुठेतरी होता. आणि वर तर तिने सगळं पाहिलं होतं, घसारा पाहिला, वळण पाहिलं...

मग तिला ते दगड आठवले.

तीन दगड. गुडघ्याइतकेही उंच नाहीत. हौशी मंडळी कमरेइतकी लगोरी रचतात, फोटोत यायला हवी म्हणून. इतकी बुटकी कोण रचेल? ज्याला उभं राहता येत नाही तो. घसाऱ्यावर पाय मोडून जो पडलाय तो. इथे दुपारची सावली त्या घळींतच असते. तो सरपटत तिथे गेला, आणि जाता जाता, ट्वायला त्याला ओलांडून पुढे जाऊ नये म्हणून, आयुष्यात पहिल्यांदा त्याने दगडावर दगड ठेवला.

"अरे देवा," ती मोठ्याने म्हणाली. "अरे देवा, मी काय केलं."

तिने कॅन उचलला आणि ती वर निघाली. ऊन आता डोक्यावर आलं होतं. छाती फुटेल असं वाटत होतं. चढाच्या पहिल्या भागात आवाज येत होता, टक टक, थांबून थांबून. ती ओरडत होती, "आले रे, आले, वाजवत राहा!" मग चढ आणखी खडा झाला आणि तिला आपल्याच श्वासाशिवाय काही ऐकू येईना. वळणाजवळ पोचून ती थांबली, तेव्हा सगळीकडे शांत होतं. आवाज कधी थांबला हे तिला सांगता आलं नसतं.

आणि घळ कुठली? घसाऱ्याखाली सगळीकडे दगडच दगड, सगळे सारखे. पुढे आलेल्या कड्यांमागे घळींची तोंडं एकामागे एक होती आणि प्रत्येक तोंड तेच वाटत होतं. ती एका घळीत शिरली, ती चुकीची निघाली. परत बाहेर आली. शेवटी ती वाकली आणि जमिनीवर पांढरी पोटं शोधायला लागली. तिनेच उडवलेले दगड. एक दिसला. मग एक झुडपाखाली. ती एकेकाला हात लावत, मटकन बसत, परत उठत, त्यांच्या मागे गेली.

घळीत आत, कपारीच्या सावलीत, आणखी एक लगोरी होती. तीन गोटे, मुठीएवढे. तिच्यापर्यंत ट्वायलाचा पाय पोचला नव्हता. तिच्यामागे ऑरिन भिंतीला टेकून बसला होता. डावा पाय शर्टाने बांधलेला, ओठ फुटलेले, डोळे अर्धवट उघडे. उजव्या हातात दगड होता.

तिने पाणी त्याच्या तोंडाला लावलं. ते हनुवटीवरून खाली गेलं. तिने छातीला कान लावला, मानेवर बोटं ठेवली, त्याला हाका मारल्या, रागावून मारल्या, लाडाने मारल्या. मग तिने त्याच्या गालावर हात ठेवला.

गाल गरम होता.

मग तिने दुसरा हात त्याच्या शेजारच्या दगडावर ठेवला. सावलीतला दगड. तोही गरम होता, अगदी तितकाच. तिने हात अदलाबदल करून पुन्हा पाहिलं. तो तासाभरापूर्वी गेला की काल संध्याकाळी, हे तिला आता जगात कुणी सांगू शकणार नव्हतं. तिने आवाज ऐकला होता. पण आवाज तर मेंढ्याही करतात.

बऱ्याच वेळाने तिने शिटी वाजवली. लांबून, वरून, वेल्डनने उत्तर दिलं. त्याला हे ठिकाण सापडणार नव्हतं, हे तिला कळत होतं. म्हणून ती उठली, बाहेर गेली, आणि तिने पांढऱ्या पोटाचे दगड एकेक करून गोळा केले. घळीच्या तोंडाशी दोन, पुढे तीन, वळणावर तीन. जसे होते तसे. वळणावरचा तिसरा दगड दोनदा पडला.

वेल्डन आला तो काठीवर लोंबकळत, घामाने निथळत. भावाला पाहून तो खाली बसला आणि त्याने तोंडावर टोपी धरली.

"एवढा हट्टी माणूस," तो मग म्हणाला. आवाज फाटला होता. "आणि शेवटी दगड रचले बघ. तुझ्यासाठी रचले गं. मी वळणावर पाहिले तेव्हाच मला कळलं, बुटके, ऑरिनने बसून रचलेले." त्याने नाक पुसलं. "नशीब म्हणायचं. नशीब, या वेळी तू लाथ नाही मारलीस."

ट्वायला ऑरिनपाशी वाकली. तिने ऑरिनच्या हातातला दगड सोडवायचा प्रयत्न केला, पण बोटं सुटत नव्हती.

तेव्हा खालून, नाहीतर वरून, नाहीतर समोरच्या भिंतीकडून आवाज आला.

टक. टक. टक.

"मेंढ्या," वेल्डन मान वर न करता म्हणाला. "पाण्यावर आल्या असतील."

"हो," ट्वायला म्हणाली, आणि तिने दोन्ही कानांवर हात दाबून धरले.